नवव्या गाण्यावर लाल खूण नव्हती

बाबा,

तुम्ही गेलात त्याला पन्नास वर्षे होत आली. एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, कारण मृतांना पत्रे लिहिणे हा मला कागदाचा अपव्यय वाटत आला आहे. आज लिहितो आहे, याचे कारण एवढेच की सांगण्यासारखे काही घडले आहे, ते वाईट नाही, आणि ते ज्याला पुरते कळेल असा माणूस तुमच्याखेरीज दुसरा कोणी उरलेला नाही. मी पंच्याहत्तर वर्षांचा झालो. छत्तीस वर्षे दारव्ह्याच्या शाळेत मराठी शिकवले. डाव्या कानाने कमी ऐकू येते. बाकी प्रकृती ठीक. तुमची सूनही ठीक आहे आणि माझ्या बोलण्याला पूर्वीप्रमाणेच दाद देत नाही.

घडले ते तुमच्या नातीच्या बाबतीत. तुम्ही तिला पाहिले नाही. तुमच्यानंतर काही वर्षांनी ती जन्मली. ती आता पुण्याला असते, दिवसा महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात एका बँडमध्ये गाते. बँड म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे वरातीपुढचा लाल कोटातला ताफा उभा राहील. तसा हा नव्हे. ही तीनच माणसे आहेत. आपली मुलगी गिटार वाजवते आणि गाते. नागपूरचा एक दंतवैद्य ढोल-झांजांचा संच वाजवतो. तिसरा जाड तारांची गिटार वाजवतो आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्रही सांभाळतो. हे लोक कोणत्याही कंपनीच्या पदरी नाहीत. गाणी स्वतः लिहायची, स्वतः चाली लावायच्या, आणि आठ-दहा गाण्यांचा संच करून लोकांपुढे ठेवायचा. त्या संचाला अल्बम म्हणतात आणि त्या संगीताला रॉक. मराठीत रॉक हे प्रथम ऐकले तेव्हा मला ज्वारीच्या भाकरीवर लोणी नव्हे तर जॅम लावल्यासारखे वाटले होते. आता तसे वाटत नाही, पण ते पुढे येईल.

अठरा वर्षांपूर्वी त्यांचा पहिला अल्बम निघाला. तिने तो मला टपालाने पाठवला. सोबत नऊ गाण्यांचे शब्द छापलेली एक छोटी पुस्तिका होती. मी ती पुस्तिका टेबलावर उघडली आणि सवयीने लाल लेखणी उचलली. ती सवय मला कोणी लावली, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या पहिल्या पगाराच्या दिवशी तुम्ही जिनाच्या, म्हणजे कापसाची सरकी काढण्याच्या तुमच्या कारखान्याच्या, कचेरीतून लाल शाईची दौत आणून माझ्यापुढे ठेवली होतीत आणि काहीही न बोलता हातपाय धुवायला निघून गेला होतात. मी पुस्तिकेत सत्तावीस चुका काढल्या. समासात कारणे लिहिली, कोठे कोणते रूप हवे ते लिहिले, आणि ‘सुधारून पुन्हा छापावे’ अशी चिठ्ठी जोडून ती परत पाठवली. मला खरोखरच वाटले होते की तिला त्याचा उपयोग होईल. तिचे उत्तर आले नाही. त्यानंतर ती दर दिवाळीला आली, आईसाठी साड्या, माझ्यासाठी चष्म्याच्या काड्या आणि औषधे आणत राहिली. पाऊस, सोयाबीन, रक्तदाब यांवर आम्ही सुरळीत बोलत राहिलो. फक्त माझ्यासमोर ती गाणे गुणगुणेनाशी झाली. मी खोलीत आलो की तिचा आवाज मध्येच थांबे. अठरा वर्षे मी घरात पाऊल ठेवले की गाणे थांबत गेले, बाबा, आणि या वयात माणूस उरलेल्या दिवाळ्या मोजू लागतो. हे असेच ठेवून मी जाणार, ही भीती मला होती. ती मी तुमच्या सुनेजवळही बोललो नाही.

तुमच्या कामाला तेव्हा पारख म्हणत. पुढे त्या जागेला ग्रेडर हा शब्द आला. हंगामात जिनाच्या फाटकापासून पार दिग्रसच्या रस्त्यापर्यंत कापसाने भरलेल्या बैलबंड्या उभ्या असत. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. शाळा सुटली की फाटकाशेजारच्या कडुनिंबाखाली बसून तुमचे हात पाहत असे. तुम्ही बंडीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालता, खोलवरचा कापूस काढता, सरकी बाजूला करता, आणि दोन्ही अंगठ्यांच्या नखांमध्ये पुंजका धरून हलकेच ओढता. धाग्याची लांबी दिसते, त्याचा जोर कळतो. तुम्ही बंडीवाल्याच्या तोंडाकडे कधी बघत नाही. कापसात खोट असली की तुम्ही ती मोठ्याने पुकारता, ‘ओला’, ‘पानकाडी’, ‘कवडी’, ‘फरदड’, आणि ती चार बंड्यांपलीकडे ऐकू जाते. कापूस पहिल्या नंबरचा असला तर मात्र तुम्ही काहीच बोलत नाही. ओढलेला तो पुंजका बंडीवाल्याच्या पागोट्यात खोचता आणि पुढच्या बंडीकडे चालू लागता. रांगेतल्या सगळ्यांना त्याचा अर्थ कळतो. तो माणूस दिवसभर ते पागोटे सोडत नाही.

बोरी अरबच्या मामांची ती हकीकत मी कधी विसरलो नाही. आईचा सख्खा भाऊ, पहाटे निघून आलेला, आणि तुम्ही त्याच्या बंडीत हात घालून भर रांगेत ‘कवडी!’ म्हणून पुकारलेत. डागाळलेला, किडका कापूस त्याने चांगल्याच्या खाली दडवला होता हे खरे. मामा आपल्या घरी पाणीही न पिता परतले. संध्याकाळी आई चुलीपुढे भाकरी थापत होती आणि थापण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

“सख्ख्या भावाले चारचौघात कवडी म्हनलं तुमी,” आई तुमच्याकडे न बघता म्हणाली. “तुमच्या हाताले मानूस ओयखू येत नाई काय?”

“हाताले कापूस ओयखू येते,” तुम्ही म्हणालात. “मानूस ओयखाले तू हाय न.”

आईने तुमच्या ताटात भाकरी जवळजवळ फेकलीच. पण पुढच्या वर्षी मामा पुन्हा आले. पहिल्या वेच्याचा, दुधासारखा कापूस भरलेल्या बंडीवर उभे राहून ते ओरडले, “घ्या भाऊजी, आता काढा खोट!” तुम्ही हात घातलात, ओढून पाहिलेत, पुन्हा एकदा ओढून पाहिलेत, आणि काही न बोलता पुंजका त्यांच्या पागोट्यात खोचलात. मामा त्या दिवशी बाजारभर फिरले. ज्याच्याशी काही काम नव्हते त्याच्याशीही थांबून बोलले. आपल्या घरी जेवायला बसतानासुद्धा त्यांनी पागोटे उतरवले नाही आणि आई त्यांना वाढताना हसत होती.

हे सगळे मी पाहिले होते, आणि तरीही यातून मी काय उचलले ते बघा. वर्गात मी चुका मोठ्याने पुकारल्या आणि वहीत लाल शाईने कोरल्या. जे बिनचूक असेल ते कोरे सोडले. कोरे पान म्हणजे पहिला नंबर, हे मला इतके स्वयंस्पष्ट वाटे की ते कोणाला सांगावे लागेल हे ध्यानातच आले नाही. तुमचे पुकारणे मी घेतले, तुमचे मौनही घेतले. पुंजका तेवढा घ्यायचा राहिला. हे मला कळायला पंच्याहत्तरावे वर्ष उजाडावे लागले, आणि तेही स्वतःच्या बुद्धीने कळले नाही.

गेल्या फाल्गुनात मुलीने तिच्या आईला फोन केला. दुसऱ्या अल्बमची गाणी तयार होती, पण पुण्यातले स्टुडिओ तिला पसंत पडत नव्हते. गायलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो, तो परत येऊ नये अशी जागा तिला हवी होती. तुमची सून शेंगा सोलता सोलता म्हणाली, “मंग जिनात काहून नाई करत? मी नवी सून होती तवा मामंजीचा डबा घेऊन जात होती. रुईच्या गाठीईच्या मागून किती बी हाका मारा, मानसाले आयकू नाई ये.” माझ्या घरात ध्वनिशास्त्राचा हा सिद्धांत पन्नास वर्षे पडून होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

जिन अजून चालू आहे, बाबा. आताचा मालक माझा विद्यार्थी, मुलीने विचारताच तो म्हणाला, “सरच्या पोरीले नाई कसा म्हनू? पन आत एक ठिनगी उडाली का मी खलास.” होळीनंतर यंत्रे थांबतात, पण दाबलेल्या रुईच्या गाठी ट्रकची वाट बघत गोदामात छतापर्यंत रचलेल्या असतात. आगीच्या भीतीने आत वीज नेलेली नाही, हे तुमच्या वेळेसारखेच. म्हणून ध्वनिमुद्रणाचे यंत्र बाहेर कडुनिंबाखाली उभ्या केलेल्या गाडीत ठेवले गेले, आणि आत केवळ गायिका, वाद्ये आणि लांब तारा गेल्या. चैत्राचे ऊन तुम्हाला माहीत आहे. साडेनऊ वाजले की छपराचे तापलेले पत्रे टक्-टक् तडकू लागत. म्हणून ही मंडळी सकाळी सहाला जात आणि पत्रे बोलू लागले की थांबत. पाच दिवस माझी मुलगी माझ्या घरातून उजाडताना निघून तुमच्या जिनात गात होती, आणि मी अंगणात बसून वर्तमानपत्रातल्या चुकांना खुणा करत होतो. तुमची सून रोज त्यांच्यासाठी पोहे घेऊन जाई. मला कोणी बोलावले नाही आणि मी विचारले नाही.

सहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, जिनातल्या माणसांना गाणी ऐकवायची असे ठरले. हमाल, रुई झाडणाऱ्या बाया, मालक, ज्यांच्या गाठींमध्ये गायले त्यांना आधी ऐकवावे, अशी तिची इच्छा. आदल्या दिवशी दुपारी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तेव्हा ती चहा टाकत होती. माझ्याकडे पाठ ठेवूनच ती म्हणाली,

“अप्पा, उद्या तुम्ही पण या.”

“येईन.”

“या, पण बोलू नका.”

“म्हणजे?”

“म्हणजे काहीच बोलू नका. बरं नाही, वाईट नाही. शुद्धलेखन तर नाहीच नाही. तिथे सगळे तुमचेच विद्यार्थी आहेत, आणि तुम्ही एक वाक्य बोललात की माझा अल्बम संपला. मी आता एवढी तरुण नाहीये की पुन्हा अठरा वर्षं थांबेन.”

“यायच्याकून लिहून घे,” तुमची सून पोळ्या लाटता लाटता म्हणाली. “सई बी घे.”

“नाही बोलणार,” मी म्हणालो.

ती चहा गाळू लागली. मग अगदी सहज, जुन्या दुखण्याविषयी बोलावे तसे म्हणाली, “मागच्या वेळी तुम्ही नवव्या गाण्यापर्यंत तर पोचलाच नव्हतात.”

“कोणत्या नवव्या?”

“पहिल्या अल्बमच्या. आठ गाण्यांवर लाल रांगोळी आणि नववं कोरं. कंटाळून मिटली असणार पुस्तिका. खरं तर तेवढं एक गाणं तुम्ही वाचावं म्हणूनच मी ती पाठवली होती.”

बाबा, ते नववे गाणे मी त्या दिवशी चार वेळा वाचले होते. वाऱ्यावर वाळत घातलेल्या शाळेच्या झग्याविषयी ते होते आणि त्यात एक शब्दही हलवण्यासारखा नव्हता. म्हणून मी तिथे लेखणी टेकवली नाही. माझ्या दृष्टीने त्या पुस्तिकेत मी एकाच पानाला मनापासून मान दिला होता, आणि नेमके तेच पान तिने अठरा वर्षे अपमान म्हणून जपले होते. हे तिला तिथल्या तिथे सांगायला हवे होते. पण मी नुकतेच न बोलण्याचे वचन देऊन बसलो होतो. मी म्हणालो, “चहा निवतो आहे.” तिने कप माझ्यापुढे सरकवला आणि विषय संपला.

रविवारी गोदामाच्या दाराशी चाळीसेक माणसे जमली. गाठींवर पोती टाकून सगळे बसले. सगळ्यांत पुढे एक म्हातारा हमाल होता. मिसरूडही फुटले नव्हते तेव्हा तो तुमच्या हाताखाली कामाला लागला, आता ऐंशीच्या पुढे आहे आणि त्याला फारसे दिसत नाही. बाहेरच्या गाडीला लांब तारांनी जोडलेल्या दोन ध्वनिवर्धक पेट्यांतून गाणी सुरू झाली. पहिले गाणे फार संथ होते. ढोल कोठेतरी जमिनीखाली वाजत असावा तसा, आणि वर तिचा आवाज, मोकळा, कोरडा, त्याला कसलाही घुमारा नाही. कानाशी बसून कोणी बोलावे तसा. माझ्या मागे एक जण कुजबुजला, “सुरू झालं काय बे गानं, का मशीन तपासून राह्यले?” दुसरा म्हणाला, “चूप. मांगं सर हायेत.” तिसऱ्या गाण्याला रुई झाडणाऱ्या बायांपैकी एकीने पदर डोळ्यांना लावला आणि शेजारणीला म्हणाली, “बाई व, हे तं उगाच रडाले लावते.” शेजारीण म्हणाली, “उगाच कायले? तुया नवऱ्याची आठोन आली असन. तो तं सकाऊन घरीच होता न?” आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोके ठेवून हसल्या. सहाव्या गाण्याच्या शेवटी ध्वनिमुद्रणात पत्रे तडकल्याचा आवाज आला, आणि त्याच वेळी डोक्यावरचे खरे पत्रेही तडकू लागले. सगळ्यांनी वर पाहिले. मला तो आवाज ओळखीचा होता. तुम्ही त्या आवाजाखाली तीस वर्षे उभे होतात.

गाणी संपली. टाळ्या झाल्या, जरा बिचकत झाल्या, कारण टाळ्या केव्हा वाजवायच्या हे कोणाला नक्की ठाऊक नव्हते. आणि मग जे व्हायचे तेच झाले. मालक उभा राहून म्हणाला, “आता आपले सर दोन शब्द बोलतील.”

“नको,” मी मान हलवली.

“बोला सर!” “अजी बोला न!” आणि मागून एक दणदणीत आवाज, “चुका सांगा सर! आमच्या तं भर वर्गात सांगत होते, आता पोरीवर आली तं लपून राह्यले काय?” सगळे हसले. मुलगी हसली नाही. मांडीवरच्या गिटारीची एक खुंटी ती पिळत होती, आणि ती खुंटी पिळण्याची काही गरज नव्हती. तिच्या मानेवरची शीर मला दिसत होती. लहानपणी निकालाच्या दिवशी ती अशीच मान घालून बसे.

मी उभा राहिलो. छत्तीस वर्षे ज्या तोंडाने काम केले ते मिटलेले होते, आणि हातांना काही सुचत नव्हते. शेजारच्या गाठीचे कापड एका कोपऱ्याला फाटले होते आणि त्यातून रुई बाहेर आली होती. पुढे मी काय करतो आहे ते मला, खरे सांगतो, केल्यावर कळले. मी तिथला एक पुंजका उपसला, तिच्यापर्यंत चालत गेलो, गिटारीच्या वरच्या टोकाला जिथे तारा खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात तिथे तो खोचला, आणि परत येऊन जागेवर बसलो.

कोणालाच काही कळले नाही. मालक संकोचून हसला. दंतवैद्याला वाटले, मी काहीतरी पुसले. मुलीने पुंजक्याकडे पाहिले आणि कचरा समजून तो काढायला हात नेला.

“ए पोरी, काढू नोको ते!” म्हातारा हमाल ओरडला. त्याला दिसत नाही असे मी वर लिहिले. त्याला हवे ते दिसते. काठी टेकवत तो उभा राहिला. “पयला नंबर हाय तो. तुया आजानं अख्ख्या हंगामात चार-दोन पागोट्यात खोचला असन. तोंडानं नाई सांगे तो मानूस. खोट असली का वरडे, अन् खोट नसली का पुंजका खोचे अन् चालला जाये दुसऱ्या बंडीकडं. अवं, लोक तो पुंजका घरी देवाजवळ ठेवत जाये.”

मुलीने हात मागे घेतला. तिने माझ्याकडे पाहिले. “अप्पा?”

मी बोलणार नाही असे वचन दिलेले होते. म्हणून दोन्ही हात वर करून तिला नऊ बोटे दाखवली.

“दहापैकी नऊ!” मागचा दणदणीत आवाज गरजला. “सरनं नऊ देल्ले! मले जिंदगीत कवा चारच्या वर नाई देल्ले!” आणि मग मात्र गोदामात असा काही गलका झाला की खांबांवरची पाखरे उडाली. त्या गलक्यात ती एकटी हसत नव्हती. ती माझ्या बोटांकडे पाहत होती, जणू तिथे एक-एक गाणे मोजत होती. आणि मग तिचा चेहरा बदलताना मी पाहिला.

आम्ही दोघे घरी चालत निघालो. पुंजका गिटारीवर तसाच होता. बाजार समितीच्या वळणावर ती थांबली.

“तुम्ही वाचलं होतं ते.”

“चार वेळा,” मी म्हणालो. वचनाची मुदत संपली असे मी गृहीत धरले.

“मग तेव्हाच सांगायला काय झालं होतं?”

“सांगितले होते. कोरे ठेवले होते.”

तिने गिटार दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाली, “कोरं कोणाला वाचता येतं, अप्पा?” आणि रस्त्यातच, उन्हात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटली. मीही हसलो. एका जीपवाल्याने काच खाली करून विचारले, “सर, सगळं ठीक हाय न?” मी म्हणालो, “हाय.” ‘आहे’ म्हणायचे राहून गेले. ती म्हणाली, “ऐकलं मी ते,” आणि पुन्हा हसू लागली. घरी आल्यावर ती न्हाणीघरात शिरली आणि आतून गुणगुणण्याचा आवाज आला. मी मुद्दाम दारावरून दोनदा गेलो. तो थांबला नाही.

अल्बम श्रावणात प्रसिद्ध झाला. आता त्याचा कागद किंवा तबकडी असे काही नसते; तो हवेतून फोनमध्ये येतो. तरी मुलीने मला आलेली परीक्षणे छापून पाठवली, कारण मी पडद्यावर वाचत नाही हे तिला ठाऊक आहे. ती संमिश्र आहेत. मुंबईच्या एका समीक्षकाने तक्रार केली आहे की ‘संपूर्ण अल्बमचा आवाज कापसात गुंडाळून ठेवल्यासारखा आहे’. हे वाक्य मी तुमच्या सुनेला वाचून दाखवले; तिला जेवण सोडून उठावे लागले, इतकी ती हसली. दुसऱ्याने सहाव्या गाण्यातल्या ‘धाडसी विद्युत तालवाद्या’ची परिच्छेदभर स्तुती केली आहे, तुमच्या जिनाचे पत्रे या वयात विद्युत तालवाद्य झाले. तिसऱ्याने लिहिले आहे की हे संगीत घाई करत नाही आणि ऐकणाऱ्यालाही घाई करू देत नाही, अठरा वर्षांनी आलेल्या दुसऱ्या अल्बमला असा धीर शोभतो. तो गृहस्थ जाणकार दिसतो, जरी त्याचे विरामचिन्हांचे ज्ञान बेताचे आहे. पुसदला जाणाऱ्या एका जीपमध्ये चालकाने गाणे लावले तेव्हा मागून एक बाई म्हणाली, “हे काय लावलं बापा, वरातीतलं लाव,” आणि तो म्हणाला, “आपल्या सरच्या पोरीचं हाय, आयका चूपचाप.” मी पुढे बसलो होतो. मी वळून पाहिले नाही. मुलीला विचारले की हे एकंदर चांगले की वाईट. ती म्हणाली, “पहिल्यापेक्षा बरंच बरं, अप्पा. आणि मला तेवढं पुरे.” तिच्या आवाजात काही झाकलेले नव्हते. अलीकडे ती नव्या गाण्याचा मुखडा फोनवरच म्हणून दाखवते. मी उजवा कान लावतो. चूक दिसली तर सांगतो, ती म्हणते, “आधी पुंजका, मग खोट.” हा क्रम मला अजून अंगवळणी पडायचा आहे.

हे पत्र कोठे पाठवायचे नाही, त्यामुळे पाकीट शोधत नाही. लिहून झाल्यावर एकदा तपासेन आणि त्या जुन्या पुस्तिकेत, नवव्या गाण्याच्या पानावर ठेवून देईन. ती पुस्तिका तिने टाकली नव्हती. या खेपेला मला आणून दिली.

एक कबुली राहिली, आणि ती तुमच्यापाशीच द्यायची आहे, कारण दुसऱ्या कोणाला तिचे काही वाटणार नाही. गोदामातला तो पुंजका मी ओढून पाहिला नाही. धाग्याची लांबी पाहिली नाही, जोर पाहिला नाही, गाठीवरचा शिक्कासुद्धा वाचला नाही. होळीनंतरच्या गाठी म्हणजे बहुधा फरदडच, शेवटच्या झाडणीचा आखूड धागा. तुम्ही तिथे असता तर चार बंड्यांपलीकडे ऐकू जाईल असे पुकारले असते. तो अजून तिच्या गिटारीवर आहे. मी तिला काही सांगितलेले नाही, आणि सांगणारही नाही.